मुलांची पोटगी : रक्कम ठरते कशी आणि बदलते कशी

चोपडा तालुक्यातील एका भगिनीचा प्रश्न असा आहे. मे २०१९ मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांच्या दोन मुलांसाठी प्रत्येकी दरमहा २,००० रुपये पोटगी मंजूर केली. २०२१ मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला. त्या वेळी त्यांनी स्वतःसाठी एकरकमी दीड लाख रुपये घेतले आणि मुलांसाठीही यापुढे वाढीव मागणी करणार नाही, असे तडजोडीत लिहून दिले. आज मुलगी नववीत आणि मुलगा पाचवीत आहे. वडील केळी आणि कापूस करतात, परंतु नऊ एकर बागायत आजोबांच्या नावावर आहे. वडिलांनी दुसरा संसार मांडला आहे, गेल्या आठ महिन्यांची पोटगी दिलेली नाही, आणि वाढ मागितलीच तर आहे तीही कमी करून घेईन, असा निरोप पाठवला आहे. रक्कम मुळात ठरली कशी, ती आता वाढेल का, थकलेले पैसे मिळतील का आणि तडजोडीतील ते वाक्य आड येईल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण तिच्या भीतीनेच पुष्कळ माता न्यायालयाची पायरी चढत नाहीत. पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे. आई ती रक्कम मुलाच्या वतीने मागते आणि मुलाच्या वतीने स्वीकारते, त्यामुळे जे तिचे नाही ते तिला सोडून देता येत नाही. घटस्फोटानंतर स्त्रीने स्वखुशीने स्वतःच्या पोटगीचा हक्क सोडला असेल तर तिच्यापुरता आदेश रद्द होतो, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२७ मध्ये होती आणि ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४६ मध्ये आहे. ती तरतूद स्त्रीविषयी आहे, मुलांविषयी नाही. म्हणून या भगिनींची स्वतःची पोटगी दीड लाखात संपली, हे खरे असले तरी मुलांचा २०१९ चा आदेश आजही जिवंत आहे आणि त्यात वाढ मागण्याचा मार्ग मोकळा आहे. उद्या त्यांनी पुनर्विवाह केला तरीही मुलांच्या हक्काला बाध येणार नाही.

कोणत्या कायद्याखाली मागावे, याबद्दल आपल्या भागात बराच गोंधळ आहे. पोटगीची मुख्य तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती; १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले. त्यापूर्वीचे आदेश मात्र कायम राहिले आहेत. हे कलम धर्म किंवा जात पाहत नाही. हिंदू मुलांसाठी याशिवाय हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ चे कलम २० आहे, आणि घटस्फोटाचा किंवा ताब्याचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ आहे. मारहाणीचे किंवा छळाचे प्रकरण असेल तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २० खाली आईबरोबर मुलांसाठीही रक्कम मागता येते. मुस्लिम मुलांचा कलम १२५ खालचा हक्क पहिल्या दोन वर्षांपुरता मर्यादित नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच स्पष्ट केले आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील आणि शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या सातपुड्यालगतच्या पट्ट्यातील भिल्ल, पावरा, तडवी बांधवांसाठी येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हे दोन्ही कायदे, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय, अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. त्यामुळे लग्न पंचांसमोर मोडले असेल आणि मुलांचे काय करायचे तेही पंचांनीच तोंडी ठरवले असेल, तर आता कोणताच कायदा आपल्या बाजूने नाही, असा समज पसरलेला दिसतो. तो चुकीचा आहे. कलम १४४ आदिवासी मुलांना इतर कोणत्याही मुलाइतकेच लागू आहे. आई-वडिलांचे लग्न कायद्याने वैध नसले तरीही मुलाचा हक्क जात नाही, कारण कलमाच्या शब्दांतच औरस आणि अनौरस अशा दोन्ही अपत्यांचा समावेश आहे. पंचांचा शब्द गावात मोलाचा असेल, परंतु त्याने मुलाचा हा हक्क संपत नाही.

आता रकमेकडे वळतो. अमुक उत्पन्नाला अमुक पोटगी, असा तक्ता आपल्या कायद्यात नाही. पगाराच्या पंचवीस टक्के, हे सूत्र लोकांच्या तोंडी आहे. ते पत्नीच्या पोटगीविषयीच्या निकालांतून आलेले आहे आणि तेथेही तो केवळ एक अंदाज आहे, बंधनकारक नियम नाही. कलम १२५ मध्ये पूर्वी ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. तेव्हापासून न्यायालय तीन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहते. मुलाची गरज किती, देणाऱ्याची ऐपत किती, आणि कुटुंब एकत्र असते तर मूल कोणत्या पद्धतीने वाढले असते, या त्या तीन गोष्टी आहेत.

या तिन्ही गोष्टींची उत्तरे न्यायाधीशांना स्वतःहून ठाऊक नसतात. ती कागदावर त्यांच्यासमोर ठेवावी लागतात. आणि अनेक अर्ज याच ठिकाणी कमी पडतात. अर्जात पत्नीच्या छळाची हकीगत चार पाने असते आणि मुलांविषयी शेवटी एवढेच असते की, मुले लहान असून त्यांच्या शिक्षणाचा खर्च आहे, सबब प्रत्येकी ५,००० रुपये मंजूर व्हावेत. गैरअर्जदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो बाप, म्हणतो की मी मजुरी करतो आणि महिन्याला ६,००० मिळवतो. दोन्ही बाजूंना पुरावा नसला की न्यायाधीश अंदाजाने २,००० लिहितात. आपल्या प्रश्नकर्त्या भगिनींच्या २०१९ च्या आदेशाची नक्कल मी पाहिलेली नाही, परंतु २,००० हा आकडा पाहता ती रक्कम अशाच अंदाजातून आली असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दिलेल्या निर्णयाने हे चित्र बदलण्याची संधी दिली. ते प्रकरण मुळात नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून गेलेले होते. त्या निर्णयानुसार पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र ठराविक नमुन्यात द्यायचे असते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते, हेही त्यातच निश्चित झाले. खानदेशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची बाब ही आहे की, शेतीवर जगणाऱ्यांसाठी प्रतिज्ञापत्राचा स्वतंत्र नमुना तेथे जोडलेला आहे. जमीन किती आणि कोठे, बागायत की जिरायत, कोणती पिके घेतली, गेल्या तीन वर्षांत उत्पन्न किती झाले, जमीन बटाईने घेतली किंवा दिली आहे का, गुरेढोरे किती, पीककर्ज किती, हे सर्व त्या नमुन्यात विचारलेले आहे. असे असताना आपल्याकडे केळी बागायतदारही नोकरदारांसाठीचा नमुना भरून देतात, त्यात मासिक पगार या रकान्यापुढे निरंक लिहितात, आणि समोरची बाजू हरकत घेत नाही. कोणत्याही मातेने आपल्या वकिलांना पहिल्याच तारखेला हे सांगावे की, गैरअर्जदाराकडून शेतकऱ्यांच्या नमुन्यातील प्रतिज्ञापत्र मागा.

जमीन आजोबांच्या नावावर असणे ही आपल्याकडची नेहमीची अडचण आहे. वडील न्यायालयात सांगतात की माझ्या नावावर गुंठाही नाही. अहिराणीत "मन्हाजोडे काहीच नही शे" (माझ्याजवळ काहीच नाही) हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्यातले खरे कोणते आणि बनावट कोणते हे ओळखण्यासाठी शब्दांकडे न पाहता कागदांकडे पाहायला शिकलो. सातबारा आणि आठ अ यांवर नाव कोणाचे आहे, हा प्रश्न मालकीचा आहे. पोटगीच्या प्रकरणात प्रश्न उत्पन्नाचा असतो. केळीचा सौदा कोणी केला, हिशोबपट्टी कोणाच्या नावाने निघाली, व्यापाऱ्याने पैसे कोणाच्या खात्यावर टाकले, ई-पीक पाहणीत पीक कोणी नोंदवले, फळपीक विम्याचा हप्ता कोणी भरला आणि ठिबकचे अनुदान कोणाला मिळाले, हे पाहावे. आजोबा सत्तरीचे असतील, शेतात राबणारा आणि बाजार समितीत जाणारा मुलगा असेल, तर कसणारा कोण हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय जमीन वडिलोपार्जित असेल, तर सातबाऱ्यावर नाव चढलेले नसतानाही मुलाचा त्यात हिस्सा असू शकतो. म्हणून जुने फेरफार काढून जमीन आजोबांनी स्वतः विकत घेतली की त्यांच्या वडिलांकडून आली, हे तपासावे. ज्या बाबी केवळ वडिलांनाच ठाऊक आहेत त्या सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच असतो, आणि बँकेचे उतारे मागवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. प्रतिज्ञापत्रात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा आहे. याची जाणीव उलटतपासणीत शांतपणे करून दिली तरी पुष्कळदा पुढच्या तारखेला तडजोडीचा निरोप येतो.

नोकरदारांच्या बाबतीत काम सोपे असते. भुसावळला रेल्वेत, आयुध निर्माणीत, शाळेत किंवा एसटीत नोकरी करणाऱ्याची पगारपत्रके मागवता येतात. तेथे वाद असतो तो वजावटींचा. पगार ५८,००० असेल आणि आयकर, व्यवसाय कर व सक्तीचा भविष्य निर्वाह निधी मिळून ६,००० कापले जात असतील, तर विचारात घ्यायचा पगार ५२,००० आहे. त्यानंतर पतपेढीचे कर्ज, विम्याचे हप्ते आणि ऐच्छिक बचत दाखवून हाती ३४,००० च येतात, असे म्हटले तर ते साधारणतः मान्य होत नाही, कारण स्वतः ओढवून घेतलेल्या देण्यांचा भार मुलाच्या ताटावर टाकता येत नाही. सुरतला यंत्रमागावर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या वडिलांच्या बाबतीत पगारपत्रक नसते. तेव्हा धडधाकट माणूस कमावू शकतो हे गृहीत धरून आणि त्या कामाचे किमान वेतन किंवा मुकादमाने दिलेली उचल पाहून रक्कम ठरवली जाते. आणि वडील सुरतला गेले म्हणून आईने सुरतला जाण्याची गरज नाही. ती आज जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज चालतो.

आईच्या उत्पन्नाचाही विचार होतो. ती डाळ मिलमध्ये काम करून ९,००० मिळवत असेल, तर ते लपवू नये. आई-वडील दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात मुलांचा भार उचलावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या एका प्रकरणात सांगून तो भार दोनास एक असा वाटून दिला होता. मात्र या हिशोबात आईचे जे श्रम पैशांत मोजले जात नाहीत, पहाटेचा डबा, आजारपणातली जागरणे, शाळेच्या सभा, ते वकिलांनी आवर्जून मांडले पाहिजेत. माझ्या मते मूल ज्याच्याजवळ राहते त्याने आपला वाटा मोठ्या प्रमाणात आधीच दिलेला असतो, आणि न्यायालयापुढे हे स्पष्ट शब्दांत सांगितले तर ते ऐकले जाते.

आता प्रश्नकर्त्या भगिनींनी करायचे काम सांगतो. त्यांनी प्रत्येक मुलासाठी वेगळा कागद घ्यावा. उदाहरणादाखल नववीतल्या मुलीचा हिशोब धरू. समजा शाळेची वार्षिक फी २८,०००, रिक्षाचे दहा महिन्यांचे ९,०००, वह्या-पुस्तके व गणवेश ६,५०० आणि शिकवणी १२,००० आहे. ही बेरीज ५५,५०० होते, म्हणजे महिन्याला ४,६२५. त्यात अन्नधान्य, दूध, भाजी आणि घरभाड्यातील तिचा वाटा २,५००, कपडे ४०० आणि औषधपाणी ३०० धरले तर ७,८२५ होतात. वडिलांचे उत्पन्न कागदांवरून महिना सरासरी ३५,००० निघाले आणि आईचे ९,००० असेल, तर वडिलांचा वाटा सुमारे चार पंचमांश, म्हणजे ६,२६० च्या आसपास येतो. न्यायालय हाच आकडा लिहील असे मी म्हणत नाही. परंतु न्यायाधीशांच्या समोर पावत्यांसह ७,८२५ चा तपशील असला, तर त्यांना नाकारायची बाबही नेमकी नाकारावी लागते, शिकवणी नको किंवा रिक्षाऐवजी बसचा पास चालेल असे लिहावे लागते, आणि रक्कम एकदम २,००० वर येत नाही. मुलाचा हिशोब मुलीच्या कागदावर मिसळू नये. दोन मुलांची रक्कम एकत्र लिहिलेली असली की पुढे एक मूल सज्ञान झाल्यावर दुसऱ्याची किती राहिली, यावर वर्षभर वाद चालतो.

रक्कम बदलण्याचा सर्व कायदा परिस्थितीतील बदल या दोन शब्दांवर उभा आहे. कलम १४६ खाली अर्ज करणाऱ्याने आदेशाच्या दिवशी काय होते आणि आज काय आहे, या दोन्ही गोष्टी दाखवायच्या असतात. म्हणून जुन्या आदेशाची आणि त्या वेळच्या पुराव्याची प्रमाणित नक्कल हा या अर्जाचा पाया आहे. २०१९ मध्ये मुलगी कितवीत होती, फी किती होती आणि वडिलांनी किती उत्पन्न कबूल केले होते, हे त्यातून निघते. आदेशात यांपैकी काहीच लिहिलेले नसेल, तर त्या वर्षीच्या शाळेच्या पावत्या आणि अंगणवाडीचा दाखला शोधून काढावा. आज वाढीचा अर्ज जितका अवघड होतो, तितका तो २०१९ मध्ये मुलांचा खर्च स्वतंत्र न लिहिल्यामुळे होतो. माझी सर्व तरुण वकील मित्रांना हीच विनंती आहे की, पहिला अर्ज लिहितानाच पाच वर्षांनंतरचा अर्ज डोळ्यांसमोर ठेवा.

या प्रकरणात बदल दाखवणे शक्य आहे. मुले सहा वर्षांनी मोठी झाली, हाच पहिला बदल आहे. वाढत्या वयाबरोबर खर्च वाढतो, हे न्यायालये सहसा मान्य करतात. त्याहून नेमका बदल शाळेच्या फीचा आहे. मुलीला शिक्षण हक्क कायदा, २००९ खालच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळाला असेल, तर ती सवलत आठवीपर्यंतच होती. नववीत पाऊल ठेवल्यापासून पूर्ण फी भरावी लागते. आदेशाच्या वेळी शून्य असलेला खर्च आज २८,००० आहे, हे दाखवायला मुख्याध्यापकांचा एक दाखला पुरेसा असतो. तिसरा बदल वडिलांच्या बाजूचा असू शकतो. नवीन कूपनलिका, ठिबक, ट्रॅक्टर, जिरायताची झालेली बागायत, या सर्वांच्या नोंदी कोठे ना कोठे सापडतात.

अर्ज त्याच न्यायालयात करावा, ज्याने मूळ आदेश दिला. मूळ प्रकरणातील आदेशात बदल हवा असेल तर तो त्याच प्रकरणात मागावा, असे रजनेश विरुद्ध नेहा निर्णयातच सांगितले आहे. दुसऱ्या कायद्याखाली नवा अर्ज करायचा झाल्यास जुना आदेश लपवू नये. लपवला तर नंतर रक्कम वजा होतेच आणि विश्वासही जातो. अंतरिम वाढही मागावी, कारण अंतिम निकालाला वेळ लागतो. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायद्यात लिहिलेले आहे. प्रत्यक्षात याहून अधिक काळ जातो, म्हणून या तरतुदीचा उल्लेख अर्जात असावा आणि प्रत्येक तारखेला रोजनाम्यावर, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, यावा. न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश मान्य नसेल तर ९० दिवसांत सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज (आदेश तपासून पाहण्याची वरच्या न्यायालयाला विनंती) करता येतो. आदेश कौटुंबिक न्यायालयाचा असेल तर पुनरीक्षण उच्च न्यायालयाकडे, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी औरंगाबाद खंडपीठाकडे जाते.

आता वडिलांच्या धमकीविषयी. कमी करण्याचा अर्ज करण्याचा त्यांना कायद्याने अधिकार आहे आणि तो प्रत्येक वेळी खोटा असतो असे मी मानत नाही. मे-जूनच्या वादळात केळीचे उभे घड आडवे होतात, कुकुंबर मोझॅक विषाणूने कोवळी बाग उपटून टाकावी लागते, कापसाचा भाव लागवडीचा खर्चही भरून काढत नाही, हे सर्व मी पाहिले आहे आणि असे वडील माझेही पक्षकार राहिले आहेत. त्यांनाही मी हेच सांगतो की पंचनामा, विम्याचा दावा, सोसायटीच्या कर्जाचा उतारा आणि तीन वर्षांच्या हिशोबपट्ट्या घेऊन न्यायालयात जा, परंतु स्वतःच्या मनाने रक्कम कमी करून देऊ नका. आदेश बदलेपर्यंत पूर्ण रक्कम देणे लागते, आणि कमी करण्याचा अर्ज दिला म्हणून मागची थकबाकी पुसली जात नाही. एका हंगामाचे नुकसान हा बहुधा कायमचा बदल मानला जात नाही. बागायतदाराचे उत्पन्न एका वर्षावर नव्हे, तर तीन वर्षांच्या सरासरीवर मोजणे दोन्ही बाजूंना न्याय्य आहे, असे माझे मत आहे; वाईट वर्षी वडिलांना त्याचा लाभ होतो आणि चांगल्या वर्षी मुलांना. दुसऱ्या संसाराचा मुद्दा मात्र दुबळा आहे. नव्या कुटुंबातील मुलांचाही हक्क आहे आणि न्यायालय त्यांच्या खर्चाकडे डोळेझाक करीत नाही, परंतु पहिल्या मुलांचे देणे ठाऊक असताना नवी जबाबदारी स्वीकारणारा माणूस ती पहिल्या मुलांच्या वाट्यातून भागवू शकत नाही.

मुलांना भेटू देत नाहीत म्हणून पोटगी देत नाही, आणि पोटगी देत नाहीत म्हणून भेटू देत नाही, ही दोन्ही उत्तरे न्यायालयात चालत नाहीत. भेटीचा आणि पोटगीचा हक्क दोन्ही मुलाचेच आहेत. एकाचा अडथळा दुसऱ्याने दूर करायला गेले की मूल दोन्हीकडून गमावते.

आठ महिन्यांच्या थकबाकीबाबत विलंब करू नये. कलम १४४(३) खाली वॉरंट काढून वसुली करायची असेल तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत टळली म्हणून मुलाचा हक्क संपत नाही, केवळ हा झटपट मार्ग बंद होतो. पण मातेने त्या युक्तिवादाच्या भरवशावर राहू नये. एकदा वसुलीचा अर्ज दाखल झाला की तो प्रलंबित असताना पुढे थकत जाणारे महिनेही त्यात समाविष्ट करून घेता येतात. वॉरंटनंतरही पैसे भरले नाहीत तर प्रत्येक महिन्याच्या रकमेसाठी एक महिन्यापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. अनेकांना वाटते की तुरुंगात जाऊन आले की देणे फिटले. तसे नाही. कैद हे वसुलीचे साधन आहे, फेड नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितलेले आहे. नोकरदाराच्या बाबतीत कैदेपेक्षा पगारावरील जप्ती अधिक उपयोगी पडते. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा एक तृतीयांश भाग वगळून उरलेला जप्त करता येतो. इतर कर्जांच्या वसुलीत इतकी मोठी जप्ती होत नाही.

शेतकरी वडिलांच्या बाबतीत थकबाकीचे एक कारण पैशांच्या येण्यातच दडलेले असते. आदेश दरमहाचा असतो आणि पैसा वर्षातून दोन-तीनदा येतो. कापसाचे पैसे दिवाळीच्या आसपास आणि केळीचे कापणीला येतात. वडील दिवाळीला १०,००० रुपये रोख देतात आणि आपण पोटगी दिली असे मानतात; आईच्या वहीत ती जुन्या थकबाकीत जमा होते; पावती कोणाकडेच नसते. अशा वेळी तडजोड पुरसीस, म्हणजे दोघांच्या सहीचे लेखी निवेदन, न्यायालयात देऊन सहा महिन्यांची रक्कम आगाऊ, ठराविक तारखेला, थेट आईच्या बँक खात्यात जमा करण्याची अट लिहून घ्यावी. मी अशा अटी अनेक प्रकरणांत घातल्या आहेत आणि दरमहाच्या आदेशापेक्षा त्या अधिक पाळल्या जातात, असा माझा अनुभव आहे. त्याच तडजोडीत दरवर्षी किंवा दर दोन वर्षांनी ठराविक टक्के वाढ लिहून घ्यावी, म्हणजे प्रत्येक वाढीसाठी नवा अर्ज करावा लागत नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पत्नीच्या कायम पोटगीत दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ स्वतःहून घातली आहे, तो दाखला अशा अटीसाठी वापरता येतो. शक्य असेल तर वडिलांच्या नावावरील किंवा हिश्श्यातील जमिनीवर पोटगीचा बोजा ठेवण्याची अट हुकूमनाम्यात घेऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तिची नोंद करून घ्यावी.

वकिलाच्या फीची चिंता करणाऱ्या भगिनींनी हे लक्षात घ्यावे की स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो.

एक गोष्ट या प्रकरणात अधिक लांब पल्ल्याची आहे. मुलगी चार वर्षांनी सज्ञान होईल. कलम १४४ खाली सज्ञान मुलीला केवळ शारीरिक किंवा मानसिक असमर्थतेच्या कारणावरून पोटगी मिळते. अविवाहित हिंदू मुलीला मात्र हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २०(३) खाली अठराव्या वर्षानंतरही, ती स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर, लग्न होईपर्यंत निर्वाह मागता येतो आणि त्यात लग्नाचा वाजवी खर्चही येतो. सप्टेंबर २०२० च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला असून, अशा मुलीने त्या कायद्याखाली मागणी करावी असे म्हटले आहे. मुलासाठी अशी तरतूद नाही. त्याचा हक्क सर्वसाधारणपणे अठराव्या वर्षी थांबतो, नेमका तेव्हा, जेव्हा पदविका किंवा पदवीचा खर्च सुरू होतो. म्हणून वाढीचा अर्ज चालू असताना तडजोडीची बोलणी निघाली, तर मुलाचे पदवीपर्यंतचे शुल्क वडिलांनी भरावे हे वाक्य त्यात घालून घ्यावे. आदेशाने जे मिळू शकत नाही ते संमतीने मिळू शकते. मुलगा आज पाचवीत आहे, हे वाक्य मागायला हाच काळ योग्य आहे, आणि त्याआधी, या महिन्यातच, आठ महिन्यांच्या थकबाकीचा अर्ज दाखल व्हायला हवा.